संगणकातील छायाचित्रांची नावनिशी

कुटुंबाची जुनी छायाचित्रे स्कॅन करून संगणकात साठविण्याचे काम अनेक घरांतून झाले आहे. परंतु स्कॅनरने त्यांना दिलेली नावे म्हणजे निव्वळ आकडे होत. चित्रात कोण आहे हे सांगणारी वडील मंडळी आहेत तोवर ठीक; त्यांच्यामागे हा सारा साठा मुका होईल.

ग्रंथालयात पुस्तकाचे सूचिपत्र असते, त्याप्रमाणे फाइलविषयीची माहिती फाइलबरोबरच नोंदविण्याची सोय संगणकात आहे. तिला मेटाडेटा म्हणतात. विंडोजमध्ये जेपीजी चित्रावर माउसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ व त्यातील ‘डिटेल्स’ हे पान उघडावे. तेथे ‘टॅग्ज’ या रकान्यात व्यक्तींची नावे, गाव व साल लिहावे. दोन नोंदींमध्ये अर्धविराम द्यावा. हा मजकूर चित्राच्या फाइलमध्येच राहतो.

शोधयंत्रणा दर वेळी प्रत्येक फाइल उघडून पाहत नाही. ती आधी अनुक्रमणिका तयार करते व तीतच शोध घेते. म्हणून ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडून ‘मॉडिफाय’ दाबावे आणि चित्रांच्या फोल्डरवर खूण करावी. अनुक्रमणिका पूर्ण झाली की त्या फोल्डरच्या शोधचौकटीत ‘टॅग्ज’ हा शब्द इंग्रजीत, त्याला जोडून दोन टिंबांचे चिन्ह (:) व पुढे नाव लिहावे.

मॅक संगणकावर 2005 सालापासून ‘स्पॉटलाइट’ हेच कार्य करते. तेथे ‘गेट इन्फो’मधील ‘कॉमेंट्स’मध्ये माहिती लिहिता येते. मात्र ती चित्राच्या आत नसते. चित्र ई-मेलने पाठविताना ती मागे राहण्याचा संभव असतो.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. यंत्र अक्षरे जुळविते, माणसे ओळखीत नाही. ‘दिवेकर’ हे आडनाव मराठी, हिब्रू व इंग्रजी लिपींत लिहिले तर यंत्राच्या लेखी ते तीन निरनिराळे शब्द होत. यास्तव घरातील सर्वांनी प्रथम एक लेखनपद्धती ठरवावी. नातवंडांना मराठी वाचता येत नसल्यास हिब्रू नावही जोडावे. विवाहित स्त्रियांचे माहेरचे आडनावही अवश्य द्यावे, नाहीतर ते शोधात कधीच सापडणार नाही.

हे काम एका दिवसाचे नव्हे. आजी-आजोबांना शेजारी बसवून रोज दहा चित्रे घ्यावीत. ते सांगतील आणि मुले लिहितील. यंत्राला शोधता येते, परंतु जे कोणी लिहिलेच नाही ते त्याला सापडत नाही.