ब्राउझर एक, प्रती अनेक

लिनक्स संगणकावर फायरफॉक्सची नवी आवृत्ती बसवूनही उघडते ती जुनीच, असा अनुभव पुष्कळांस येतो. जुन्या आवृत्तीत सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या नसतात. म्हणून याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे होय.

याचे कारण बहुधा एकाच संगणकावरील दोन प्रती हे असते. एक वितरणाच्या भांडारातून येते, दुसरी संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली असते. २०२२ च्या उबुंटू २२.०४ मध्ये तर फायरफॉक्स ‘स्नॅप’ या निराळ्या स्वरूपात येतो. टर्मिनलमध्ये नाव टंकताच संगणक ‘पाथ’ या यादीतील स्थळे क्रमाने धुंडाळतो व प्रथम आढळलेली प्रत चालवितो. तेथे ‘टाइप -ए फायरफॉक्स’ ही आज्ञा दिली असता यादीतील सर्व प्रतींचे पत्ते दिसतात. मग प्रत्येकीचा आवृत्तिक्रमांक तपासावा.

प्रत बदलताच वाचनखुणा दिसेनाशा झाल्या, तरी त्या नष्ट झाल्या असे समजू नये. २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक प्रत आपले प्रोफाइल स्वतंत्र ठेवते. म्हणून आधी प्रोफाइल अन्यत्र जतन करावे. अनावश्यक प्रत त्यानंतरच काढावी.