मंचावरचा मॉनिटर : साऊंडवाल्यांनी घेण्यापूर्वी काय पाहावे?

कव्वालीची मैफल रंगात आली की सर्वांचे लक्ष गायकाकडे असते. साऊंडवाल्याची आठवण होते ती माईकने शिट्टी मारली तेव्हाच. नंदुरबार तालुक्यातील एका गावी ऊरुसाच्या रात्री आम्ही हा प्रकार जवळून पाहिला. समोर मोठे बॉक्स होते, जनरेटर होता, रोषणाई होती; पण गादीवर बसलेल्या कव्वालांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. मुख्य गायक ओरडून गाऊ लागला, पेटीचा सूर एकीकडे आणि गळा दुसरीकडे. त्यांचे समाधान व्हावे म्हणून साऊंडवाल्या तरुणाने पुढचा एक बॉक्स मंचाकडे फिरवला आणि शिट्टी सुरू झाली ती थांबेना. शेवटी ठरलेल्या भाड्यातून पैसे कापले गेले. सामान त्याच्याकडे भरपूर होते, पण नेमके हवे ते नव्हते.

हवा होता तो मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला छोटा बॉक्स. त्यातला ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असेल तर त्याला पॉवर्ड किंवा ॲक्टिव्ह म्हणतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात जीपने सामान न्यायचे असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर आणि त्याची जाड वायर वाचणे ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे छोटा मंच म्हणजे ऊरुसाची बैठक, मेहंदीचा कार्यक्रम, मुशायरा, शाळेचे स्नेहसंमेलन किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतला एखादा तंबू. तेथे १५ इंची बॉक्स मंचाची जागाच खाऊन टाकतो. नुसता आवाज आणि पेटी असेल तर ५ ते ६ इंची स्पीकर पुरतो. कीबोर्डही ऐकवायचा असेल तर ८ इंची घ्यावा. ऑक्टापॅडवाला ऑर्केस्ट्रा असेल तर १० इंचाखाली जाऊ नये. ढोलक मॉनिटरमध्ये देण्याची बहुधा गरज नसते. तो शेजारीच वाजत असतो.

दुकानदार पहिल्यांदा वॅट सांगतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट बहुतेक वेळा ‘पीक’ असतात, म्हणजे क्षणभराचे. सतत मिळणारे, आरएमएस वॅट किती ते विचारावे. त्याहूनही स्पीकरची संवेदनशीलता महत्त्वाची. एक वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर १०० वॅटला ११० डेसिबलपर्यंत जातो. वॅट दुप्पट करून २०० केले तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात! याउलट बॉक्स दोन मीटरवरून एक मीटरवर आणला तर मोकळ्या जागेत ६ डेसिबल फुकटात मिळतात. म्हणून जास्त वॅटला जास्त पैसे मोजण्याआधी बॉक्स गायकाच्या किती जवळ ठेवता येईल याचा विचार करावा.

आता बैठकीचा प्रश्न. बाजारातले उतरत्या तोंडाचे मॉनिटर उभ्या गायकासाठी बनवलेले असतात. जमिनीवर ठेवले की त्यांचे तोंड वर होते. आपले कव्वाल आणि नातख्वान गादीवर बसतात. दीड मीटरवर असा बॉक्स ठेवला तर आवाज त्यांच्या डोक्यावरून निघून जातो, आणि याहून जवळ ठेवायचा तर मध्ये पेटी आणि माईक येतात. म्हणून जो आडवा, उभा आणि तिरका तिन्ही प्रकारे ठेवता येतो, किंवा माईकच्या स्टँडवर लावता येतो, असाच घ्यावा. आमच्या मते आपल्या भागातल्या कामासाठी हा मुद्दा वॅटपेक्षा मोठा आहे.

माईकही पाहावा. साध्या कार्डिऑइड माईकला बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकू येते, तेव्हा मॉनिटर तेथेच हवा. सुपरकार्डिऑइड असेल तर मॉनिटर थोडा बाजूला घ्यावा. अनेकजण हे उलटे करतात आणि शिट्टीचा दोष बॉक्सला देतात.

जोडणीत एक चूक फार महागात पडते. भोंग्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या मागे १०० व्होल्ट लाईनचे आऊटपुट असते. ते पॉवर्ड मॉनिटरच्या इनपुटला कधीही लावू नये, आतले सर्किट जळते. सिग्नल मिक्सरच्या ऑक्झ आऊटमधून द्यावा, तोही ‘प्री’ ठेवून, म्हणजे पुढचा आवाज कमी-जास्त केला तरी गायकाचा बदलत नाही. केबल बॅलन्स्ड, एक्सएलआरची असावी. गुंगुं आवाज आला तर मिक्सर आणि मॉनिटर एकाच बोर्डावरून चालवून पाहावे. अर्थिंगची पिन तोडण्याचा उपाय मात्र जिवावर बेततो. जनरेटरवर व्होल्टेज वरखाली होते, तेव्हा मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे का पाहावे. वैशाख-ज्येष्ठातल्या लग्नात बॉक्सच्या मागे गादी-तक्क्या लावून हवा बंद करू नये, तापला की तो आपोआप बंद पडतो.

पॉवर्ड बॉक्सची खरी अडचण दुरुस्तीची आहे. साध्या स्पीकरची कॉईल गावातला कारागीर बदलून देतो. पॉवर्डमधले बारीक पार्टचे सर्किट त्याच्या हाताबाहेरचे असते. बॉक्स सर्व्हिस सेंटरला जातो आणि लग्नसराईत महिनाभर अडकू शकतो. म्हणून सेंटर सुरतेला आहे, धुळ्याला की मुंबईला, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. ज्यांच्याकडे चांगला ॲम्प्लिफायर रिकामा पडून आहे त्यांनी साधा मॉनिटरच घ्यावा, यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. नव्याने धंदा सुरू करणाऱ्याने मात्र एक पॉवर्ड घ्यावा आणि एक जुना बॉक्स राखीव ठेवावा.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेत लाऊडस्पीकर चालत नाही. शासन वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. दिवसाही आवाजाला मर्यादा आहेच. गायकाला स्वतःचे नीट ऐकू आले तर तो पुढचे बॉक्स वाढवा असे दर पाच मिनिटांनी सांगत नाही.

खरेदीला जाताना आपला माईक आणि मिक्सर सोबत न्यावा. सिग्नल न देता व्हॉल्यूम पूर्ण उघडून सरसर किती येते ते ऐकावे, मग माईक लावून शिट्टी कुठे सुरू होते ते पाहावे. दुकानदार याला नाही म्हणत असेल तर दुसरे दुकान गाठावे. बिल पक्के घ्यावे आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्यावा. सुरतेहून आणला आणि आपला जीएसटी नंबर असेल तर तोही बिलावर टाकायला सांगावा, कारण भरलेल्या कराची वजावट त्यावरच मिळते.