बोळके कणीस

मागल्या पावसाळ्यात परसातल्या कुंपणालगत मधुमक्याचे दाणे एका ओळीत टोकले. रोपे पुरुषभर वाढली, कणसेही धरली. परंतु सोलून पाहतो तो निम्मे दाणे नाहीतच! आई म्हणाली, "अरे, हे तर माझ्यासारखेच बोळके!" आम्ही हसलो खरे, पण रोज पाणी तिनेच घातले होते, हे मनाला लागले.

दोष बियाण्याचा नव्हता, माझ्या ओळीचा होता. मक्याचे लग्न वारा लावतो. शेंड्याच्या तुऱ्यातले पराग कणसाच्या केसांवर पडावे लागतात. एका केसामागे एक दाणा. एकच ओळ असली की वारा बरेचसे पराग भलतीकडेच उधळतो.

यंदा चार आखूड ओळींचा चौकोन केला. केस तपकिरी होऊन वाळले, नख लावताच दाण्यातून दूध आले, तेव्हाच कणीस खुडले. तेही आधी पातेल्यात पाणी उकळत ठेवून! कारण खुडल्या क्षणापासून त्यातली साखर पिठाळ होऊ लागते.

आईने ते भरगच्च कणीस बोटांनी चाचपले आणि म्हणाली, "माझ्या वाटचे दात यालाच आले रे! आण ती किसणी. माझ्यासाठी एक किसूनच शिजवते."