पान, फळ की कंद? परसबागेतला पहिला प्रश्न

परसबाग करायचं मनात आलं की बहुतेकांची पावलं आधी रोपवाटिकेकडे वळतात. रोपं घरी येतात आणि मग ती लावायची कुठे, याची शोधाशोध सुरू होते. खरं तर आधी जागा पाहावी. घरामागे ऊन कुठे आणि किती वेळ असतं, हे सकाळी, भर दुपारी आणि चारच्या सुमारास बघून ठेवायचं. घराच्या उत्तरेला परस असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायची. मे महिन्यात तिथे छान ऊन असतं, पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि घराचीच सावली वाफ्यावर येते.

ऊन कळलं की प्रत्येक झाडाबद्दल विचारायचं, याचं आपण काय खाणार? पान, फळ की जमिनीतला कंद? झाड आपलं अन्न पानांत तयार करतं. फळ भरायला त्यातलं बरंच खर्ची पडतं, म्हणून मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी यांना दिवसाचं निदान सहा तास ऊन हवंच. पालेभाज्यांचं तीन-चार तासांवर भागतं. हळद-आलं आंब्याच्या किंवा शेवग्याच्या विरळ सावलीतही येतं. खताचंही तसंच. नत्र पानं वाढवतं. पालकाला ते भरपूर चालतं, पण मिरचीला शेणखताचा मारा केला तर झाड हिरवंगार दिसतं आणि मिरच्या मोजक्याच लागतात.

पान खायच्या झाडांत कढीपत्त्याची तऱ्हा नीट समजून घेण्यासारखी आहे. फोडणीला हवी तेवढी चार पानं ओरबाडून घ्यायची सवय घरोघरी असते. त्यामुळे दांडा उघडा पडतो आणि झाड काठीसारखं सरळ वर जातं. फांदीच्या शेंड्यावरचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा कोवळ्या पानांसकट खुडला की पानांच्या बगलेतले डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन-तीन होतात. म्हणून पानं न ओरबाडता डहाळीच कापावी. पांढऱ्या फुलांचे गुच्छ येऊ लागले आणि बी नको असेल तर तेही काढून टाकावेत. थंडीत हे झाड जवळपास झोपी जातं. तेव्हा पाणी कमी करायचं, खत द्यायचंच नाही. रोप करायचं तर पिकलेलं काळपट फळ घेऊन गर काढावा आणि बी लगेच पेरावं. साठवलेलं बी फार लवकर निकामी होतं. मोठ्या झाडाच्या मुळांना फुटलेलं रोप मिळालं तर त्याहून सोपं.

कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे लिंबावरच्या फुलपाखराची अळी त्याच्यावरही येते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. रोप लहान असेल तर अळ्या हाताने वेचून टाकाव्यात, नाहीतर दोन दिवसांत नुसत्या काड्या उरतात. झाड मोठं असेल तर माझं मत असं की चार अळ्यांना त्यांचा वाटा खाऊ द्यावा. घरात खायच्या झाडावर विषारी फवारा मारू नये.

कोथिंबीर उगवत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. धणा हातात घेऊन पाहा, ती दोन अर्धगोलांची जोडी असते आणि प्रत्येक अर्ध्यात एक बी असतं. धणे फरशीवर पसरून चपलेखाली हलकेच रगडले की जोडी सुटते. मग रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरायचे आणि वरची माती सुकू द्यायची नाही. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते, म्हणून दुपारची सावली द्यावी आणि एकदम वाफाभर न पेरता दर पंधरवड्याला मूठभर पेरावी. मेथीला एवढं करावं लागत नाही. चौथ्या दिवशी ती वर येते आणि महिन्याभरात भाजीला तयार होते.

अळू मोरीच्या सांडपाण्यावर वाढवायची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे, कारण त्याला सतत ओल लागते. पण आता त्या पाण्यात कपड्यांच्या पावडरीचे क्षार असतात आणि त्यांनी माती बिघडते. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल सोडा, साबणाचं मात्र वेगळं काढा. तोडताना बाहेरची पानं घ्यावीत, आतली दोन-तीन ठेवावीत. अळवातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा खाजतो, म्हणून ते पुरतं शिजवायचं आणि चिंच किंवा ताक घालायचं.

हळदीत पान आणि कंद यांची ओढाताण उघड दिसते. मेअखेर किंवा जूनमध्ये लावलेला गड्डा जानेवारी-फेब्रुवारीत पाला वाळल्यावर काढतात. मधल्या काळात पानं जे अन्न करतात ते खाली साठतं. श्रावणात पातोळ्यांसाठी पानं लागतात, ती जरूर घ्यावीत, पण एका ठोंबाची एखाद-दुसरीच. सगळी छाटली तर गड्डा पोसत नाही.

पुदिना जमिनीत सोडू नका, तो शेजारच्यांची जागा बळकावतो. रुंद कुंडीत ठेवा. गवती चहाचा ठोंब दोन-तीन वर्षांनी फोडून नव्याने लावा.

वाल, घेवडा यांचं बी शक्यतो गावठी घ्यावं. संकरित वाणाच्या बियांपासून पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही, गावठीचं बी घरी धरता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच देशी बी जपलं, वाटलं आणि त्यासाठी 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एका दाण्यावरून पुढच्या हंगामाचं बी उभं राहतं हे त्यांच्या कामात दिसतं, म्हणून वेलावरच्या चार निरोगी शेंगा न तोडता पुरत्या वाळू द्याव्यात.

हळदीला जूनची वाट पाहावी लागेल. धणे मात्र स्वयंपाकघरातल्या डब्यात असतीलच. आज रात्री मूठभर रगडून भिजत घाला.