राजीनाम्याआधीची नऊ वर्षे

कायमची नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढणाऱ्यांची गोष्ट निघाली, की लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव हटकून घेतले जाते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी, डावलली गेलेली बढती आणि मानी माणसाने दिलेला राजीनामा! एवढी हकीकत ऐकली, की कचेरीत मन न रमणाऱ्या तरुणाच्या डोक्यात स्वतःच्या राजीनाम्याचा मजकूर घोळू लागतो.

परंतु ही हकीकत अर्धीच आहे. १८९७ मध्ये लक्ष्मणराव बेळगावला परतले, ते रिकाम्या हातांनी नव्हे. त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्या जोडीने तेथे १८८८ पासूनच सायकलींचे दुकान चालू होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्यात. रामूअण्णांनी त्या विकाव्यात आणि गिऱ्हाइकांना चालवावयास शिकवावे, असा क्रम होता. म्हणजे राजीनाम्यापूर्वी सुमारे नऊ वर्षे, पगाराच्या आधारावर, धंद्याची उमेदवारी चालली होती.

त्यानंतरही यश धावत आले नाही. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. पण लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगराला गिऱ्हाईक मिळण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी हात दिला आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

यात धाडस नव्हते असे कोण म्हणेल? परंतु त्या धाडसाला वाट पाहण्याची ऐपत होती, हे विसरून चालणार नाही. भाऊ होता, चालते दुकान होते, अडचणीत पाठीशी उभा राहणारा संस्थानिक होता. १९८१ मध्ये पुण्यात ‘इन्फोसिस’ निघाली, तेव्हाही आरंभीचे दहा हजार रुपये सुधा मूर्ती यांच्या शिलकीतून आले होते. अनेक घरांत पतीच्या धंद्याची पहिली वर्षे पत्नीच्या पगारावर निघतात. यशाच्या सत्कारात मात्र तिला शेवटच्या रांगेत खुर्ची मिळते.

आज व्याख्याने देणारे ‘उडी घ्या’ म्हणतात. घरकर्जाचे हप्ते, मुलांची फी आणि वृद्ध आईवडिलांची औषधे ज्याच्या डोक्यावर आहेत, त्याला हा उपदेश करणे सोपे आहे. त्या उडीचा हिशेब उपदेशकाला द्यावा लागत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेने लहान धंद्यांना तारणावाचून कर्जाची वाट मोकळी केली, हे स्वागतार्हच. पण कर्ज म्हणजे आधार नव्हे. गिऱ्हाईक दोन वर्षे फिरकले नाही, तरी हप्ता फिरकल्यावाचून राहत नाही.

म्हणून नोकरी सोडू पाहणाऱ्या तरुणाला भित्रा म्हणण्यापूर्वी समाजाने स्वतःला विचारावे, की त्याच्यासाठी रामूअण्णा कोण होणार? आणि त्या तरुणानेही राजीनामा लिहिण्यापूर्वी आपले सायकलींचे दुकान कोठे आहे, याचा शोध घ्यावा. ते सापडेपर्यंत पहिल्या तारखेला मिळणारा पगार ही लाजेची गोष्ट नव्हे. ते धंद्याचे पहिले भांडवल आहे.