स्किमर आधी की रेफ्युजियम? समुद्रापासून दूरच्या टाकीचा हिशेब

रसमड्याहून एका प्रेक्षकाचा प्रश्न आलाय. दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, पाच-सहा मासे आहेत, आणि सध्या एकाच वस्तूपुरते पैसे आहेत. प्रोटीन स्किमर घ्यावा की रेफ्युजियम करावं? उन्हाळा तोंडावर आला आहे, म्हणून हा भाग जरा घाईने करतोय.

दोन्ही वस्तू एकच काम करतात असा समज आहे, पण तसं नाही. वरणासाठी डाळ शिजताना वर फेस येतो, तो आपण पळीने काढून टाकतो. स्किमर तेच करतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं यांतून जे सेंद्रिय रेणू सुटतात, त्यांचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू हवेच्या बुडबुड्याला चिकटतात. स्किमरच्या नळकांड्यात अगदी बारीक बुडबुडे सोडले, की त्यांच्यावर बसून ही घाण वरच्या कपात जमा होते. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून तिथे हे यंत्र नीट चालत नाही. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर जो पिवळट फेस साचतो, तोही याच जातीचा.

म्हणजे स्किमर घाण सडण्याआधी उचलतो. पण जी सडली, तिचा अमोनिया आणि मग नायट्रेट झालं, त्याला स्किमर हात लावू शकत नाही, कारण नायट्रेट बुडबुड्याला चिकटतच नाही. विरघळलेल्या फॉस्फेटचंही तेच. तिथून पुढचं काम रेफ्युजियमचं. मुख्य टाकीला जोडलेला वेगळा कप्पा, त्यात कीटोमॉर्फासारखं शैवाल आणि वर दिवा. शैवाल नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन वाढतं. मात्र वाढलेलं शैवाल कापून बाहेर टाकलं, तरच ते टाकीतून गेलं. नुसतं वाढू दिलं आणि ते मेलं, तर सगळं परत पाण्यात. कॉलर्पा या बाबतीत जास्त धोक्याचं: कधीकधी ते एका रात्रीत बीज सोडून पांढरं पडतं आणि पाणी गढूळ करून टाकतं. म्हणून माझं मत कीटोमॉर्फाच्या बाजूने.

आता आपल्याकडची एक अडचण, जी परदेशी व्हिडिओंत ऐकू येत नाही. तिकडची मंडळी स्किमरच्या जोडीला ‘लाइव्ह रॉक’ वापरतात, म्हणजे जिवाणूंनी भरलेला, प्रवाळांच्या सांगाड्यांचा खडक. त्याच्या आतल्या प्राणवायू नसलेल्या पोकळ्यांत नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन जातो. आपल्याकडे दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. कोणी दुकानात मागच्या खोलीत नेऊन असा खडक दाखवला, तर नमस्कार करून बाहेर या. आपली टाकी सिरॅमिकच्या किंवा सिमेंटच्या खडकावर उभी असते. तो मुरायला महिने जातात आणि तोवर नायट्रेट साचत राहतं. शिवाय त्या खडकासोबत फुकट येणारे बारीक कवचधारी जीवही आपल्याला मिळत नाहीत. ते वाढवायची सुरक्षित जागा रेफ्युजियम. इथवर ऐकून वाटेल की रेफ्युजियमच जिंकलं.

पण रसमड्याचा मे महिना विसरू नका. दुर्ग-भिलाईकडे पारा 45 च्या आसपास जातो. समुद्राच्या पाण्यात 25 अंशाला लिटरमागे सुमारे 6.7 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला 6.2. फरक लहान दिसतो, पण उष्णतेने माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, आणि जिवाणूंचाही. पहाटे मासे पृष्ठभागाला येऊन तोंड उघडायला लागतात ते यामुळे. स्किमर घाण काढता काढता चोवीस तास पाण्यात हवा मिसळतो. रेफ्युजियमचा दिवा रात्री लावला तर शैवालही प्राणवायू देतं, पण रात्री वीज गेली की तेच शैवाल प्राणवायू खायला लागतं.

वीज गेल्यावर स्किमरही बंद पडतो, हे खरं. म्हणून दोन्हींच्या आधी बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घ्या. तो टाकीतला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. कोरड्या हवेत पाण्यावर साधा पंखा सोडला तरी बाष्पीभवनाने टाकी दोन-तीन अंश थंड होते. कूलर त्याच खोलीत चालवलात तर हवा दमट होऊन तो फायदा घटतो. पाणी उडालं की सम्पमधली पातळी खाली जाते आणि पाण्यात ठेवलेला स्किमर कधी फेसच देत नाही, तर जास्त पाणी भरलं की कप भरून वाहतो. रोज आरओचं गोडं पाणी थोडं थोडं घाला. मीठ उडत नाही, त्यामुळे खारं पाणी घालून पातळी भरू नका.

आणि कारखान्यांचा भाग आहे, तर स्किमरच्या हवेच्या नळीच्या तोंडाशी स्पंज लावा. स्वयंपाकघराशेजारी टाकी असेल तर फोडणीच्या तेलकट वाफेने फेस काही तास बसतो. यंत्र बिघडलं म्हणून उघडून ठेवू नका, थांबा.

आता उत्तर. दोनशे लिटर आणि पाच-सहा मासे असतील, तर पैसे स्किमरवर घाला. तो घरी बनवणं कठीण, रेफ्युजियम मात्र प्लॅस्टिकच्या टबात आणि झाडांच्या एलईडी दिव्यावर हाताने होतं. साधारण वीस लिटरपेक्षा लहान टब घेऊ नका, नाहीतर ती नुसती शोभा. पाचाऐवजी दोनच लहान मासे असते, तर मी उलट सांगितलं असतं: स्किमर राहू द्या, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला आणि टब लावा.

स्किमर लावल्यावर पहिल्या दिवसापासून नायट्रेट मोजून वहीत लिहा. महिनाभराने आकडा 20 च्या वर सरकत असेल, तर कीटोमॉर्फाची एक जुडी शोधायला लागा.