गाडीला कॅरिअर बसवावा काय?

मोटारीच्या टपावर सामान ठेवण्यासाठी बसवल्या जाणाऱ्या सांगाड्याला दिल्लीपासून नागपूरपर्यंत ‘कॅरिअर’ याच नावाने ओळखले जाते. तो बसवावा की नाही, हा प्रश्न दक्षिण दिल्लीतील मुनिरक्यासारख्या वस्तीत अधिक निकडीचा होतो, कारण तेथील अनेक गाड्यांची डिकी मुळातच अर्धीअधिक व्यापलेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशामुळे दिल्लीतील सार्वजनिक वाहने सीएनजीकडे वळली आणि त्यांच्यामागोमाग खाजगी मोटारींनीही हे स्वस्त इंधन स्वीकारले. परंतु त्याची टाकी, पाण्याच्या मापाने साधारण ६० लिटरची, बहुतेक गाड्यांत डिकीतच आडवी बसवलेली असते. एर्टिगासारख्या सात आसनी गाडीत शेवटची रांग उभी असताना सामानासाठी २०९ लिटर जागा उरते आणि तिच्यातच ही टाकी आली, की माणसे बसतात पण बॅगा बसत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत दिल्लीहून आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर या मार्गाने नागपूरला, म्हणजे सुमारे १,१०० किलोमीटर जाऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबाची नजर अशा वेळी टपाकडे वळते.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा निर्णय सोपा होता. अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, मारुती ८०० या गाड्यांच्या छताच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असे आणि कॅरिअरचे पाय तिच्यातच आवळून बसवता येत. मुंबईच्या ज्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींना ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर येण्यास मज्जाव झाला, त्यांच्या टपावरील कॅरिअर याच जातकुळीचे होते. आजच्या गाड्यांना अशी पन्हळ नसल्यामुळे कॅरिअर तीनपैकी एका पद्धतीने बसवावा लागतो: छतावर उत्पादकानेच ठेवलेल्या आट्यांच्या जागी, दाराच्या चौकटीला पकडणाऱ्या चिमट्यांनी, किंवा छताच्या लांबीला समांतर असलेल्या दांड्यांना, म्हणजे रेलना, आडव्या पट्ट्या जोडून. यातील रेलच्या बाबतीत ग्राहकाची फसगत होण्याचा संभव अधिक असतो, कारण अनेक गाड्यांवरील रेल केवळ शोभेसाठी चिकटवलेले असतात. भार पेलणारे रेल असतील तर उत्पादक तसे स्पष्ट सांगतो आणि वजनाची मर्यादाही देतो. रेनॉ ट्रायबरच्या रेलसाठी ती ५० किलो आहे. करोल बागेच्या बाजारात कोणत्याही गाडीला कॅरिअर ‘बसवून मिळेल’ असे उत्तर मिळू शकते, तथापि तो बसणे आणि त्याने भार पेलणे या भिन्न गोष्टी असल्याने बाजारात जाण्यापूर्वी गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका वाचणे आवश्यक ठरते.

पुस्तिकेत दिलेली मर्यादा, जी अनेक मोटारींसाठी ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असते, ही धावत्या गाडीसाठी असते आणि तिच्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही मोजावे लागते. मर्यादा ५० किलो आणि लोखंडी सांगाडा १५ किलो असेल, तर सामानासाठी ३५ किलोच, म्हणजे भरलेल्या दोन मध्यम बॅगांएवढेच वजन उरते. छत ज्या खांबांवर उभे असते ते याहून कितीतरी जास्त वजन सहन करू शकतात, हे खरे. पण वळणावर आणि ब्रेक दाबताना सामान आडवे किंवा पुढे ओढ घेते, आणि ही ओढ छताच्या पत्र्यावर व पकडींवर येत असल्यामुळे मर्यादा इतकी कमी ठेवलेली असते. शिवाय टपावरील वजनाने गाडीचा गुरुत्वमध्य, म्हणजे जेथे सर्व वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, वर सरकतो, त्यामुळे वळणावर गाडी अधिक कलते आणि आडव्या वाऱ्यात डगमगते. जड वस्तू खाली व आसनांजवळ, तर अंथरुणासारख्या हलक्या पण जागा खाणाऱ्या वस्तू वर, हा जुन्या चालकांचा नियम याच कारणाने शास्त्रीय ठरतो.

दुसरा हिशेब हवेचा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग ६० वरून १२० झाला की रोध दुप्पट नव्हे तर चौपट होतो. त्यामुळे शहरात फारसा न जाणवणारा कॅरिअर महामार्गावर इंधन खाऊ लागतो. अमेरिकी शासनाच्या इंधनविषयक माहितीनुसार टपावरील मोठ्या, बोथट पेटीमुळे दर लिटरमागे कापले जाणारे अंतर शहरात २ ते ८ टक्क्यांनी, सामान्य महामार्गावर ६ ते १७ टक्क्यांनी आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगात १० ते २५ टक्क्यांनी घटते. नागपूरच्या जाण्यायेण्याच्या २,२०० किलोमीटरांत पेट्रोलवर धावणाऱ्या गाडीची सरासरी १५ वरून १३ किलोमीटरवर आली, तर सुमारे साडेबावीस लिटर पेट्रोल अधिक लागेल आणि लिटरला ९५ रुपये धरल्यास खर्च २,१०० रुपयांहून थोडा अधिक वाढेल. हा खर्च प्रवासाच्या सोयीचा मोबदला म्हणून मान्य करता येतो. परंतु परतल्यावर सांगाडा टपावरच राहिला आणि वर्षभरातील ८,००० किलोमीटरच्या शहरी धावेत लिटरला १२ किलोमीटरची सरासरी केवळ दोन टक्क्यांनी घसरली असे मानले, तरी आणखी जवळजवळ चौदा लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे १,३०० रुपये, काहीही न वाहता जळतात.

रिकाम्या कॅरिअरचा त्रास इंधनापुरता नाही. मुनिरका गावाच्या अरुंद गल्ल्यांत डोक्यावर विजेच्या व केबलच्या तारांची जाळी लोंबते, आणि वसंत कुंजमधील मॉलसारख्या ठिकाणी तळघरातील वाहनतळाच्या तोंडाशी उंचीची मर्यादा ठरलेली असते. कॅरिअरसह गाडीची उंची मोजून ती चालकाच्या समोर लिहून ठेवणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते. कायद्याच्या दृष्टीनेही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे फेरफार करता येत नाहीत, म्हणून छताला भोके पाडून कायमचा सांगाडा जोडण्यापेक्षा सुटा होणारा कॅरिअर केव्हाही बरा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४(१अ) असे सांगते, की सामान गाडीच्या बाजूंच्या, पुढच्या वा मागच्या मर्यादेबाहेर गेले किंवा अनुज्ञेय उंचीहून वर गेले, तर २०,००० रुपये दंड आणि वर सामान उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो.

पर्यायांचा विचार केला तर चित्र अधिक स्पष्ट होते. रेल्वेच्या शयनयान किंवा वातानुकूलित तृतीय श्रेणीत प्रत्येक प्रवाशाला ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते, म्हणजे चौघांचे मिळून १६० किलो, जे कोणत्याही सामान्य मोटारीच्या टपाला झेपणारे नाही. वर्षातून एकदाच गावी जाणाऱ्या कुटुंबाला म्हणून आगगाडी, आधी पाठवलेले पार्सल किंवा कॅरिअर असलेली भाड्याची गाडी यांपैकी काहीतरी पुरेसे असते. याउलट ज्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे, ज्यांना वर्षातून चार-पाच लांबचे प्रवास घडतात आणि ज्यांच्या गाडीचे रेल खरोखर भार पेलणारे आहेत, त्यांना कॅरिअर उपयोगी पडतो. मात्र तेथेही सर्व प्रवासी, सामान व कॅरिअर यांचे एकत्रित वजन गाडीच्या कमाल अनुज्ञेय वजनात बसले पाहिजे, टायरमधील हवा भरलेल्या गाडीला सांगितलेल्या दाबाची असली पाहिजे आणि निघाल्यावर पहिल्याच थांब्यावर पट्टे पुन्हा ताणले पाहिजेत.

खरेदीपूर्वीचा निर्णायक प्रश्न त्यामुळे टपावर किती सामान मावेल हा नसून, कॅरिअर घरच्या घरी किती वेळात उतरवता येईल आणि उतरवल्यावर ठेवायचा कोठे, हा आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या (डीडीए) दोन खोल्यांच्या सदनिकेत पलंगाखाली किंवा माळ्यावर त्याला जागा नसेल, तर तो वर्षभर टपावरच राहणार हे गृहीत धरून हिशेब करावा लागतो, आणि त्या हिशेबात तो सहसा परवडत नाही.